ऋतुनियम, कर्मनियम आणि ध्रुवावरचा वसंत

कर्मसिद्धान्तात दोन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. केलेले कर्म वाया जात नाही, त्याचे फळ आज ना उद्या उभे राहतेच, हा पहिला. ते फळ ज्याने कर्म केले त्यालाच भोगावे लागते, हा दुसरा. आपल्या दर्शनकारांनी ही जोडी मोठ्या काटेकोरपणे मांडली. केलेले नाहीसे झाले असे मानावे लागले तर तो कृतप्रणाशाचा दोष. न केलेले पदरात पडले असे मानावे लागले तर तो अकृताभ्यागमाचा दोष. आणि जो विचार या दोन्हींपैकी एकातही सापडेल तो टाकाऊ. व्यवहारात मात्र आपण ‘करावे तसे भरावे’ म्हणून दोन्ही दावे एका दमात बोलून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की यातला पहिला दावा खरा आहे, इतका की भौतिक जगापुरता तो आता मोजता येतो; दुसरा खरा नाही, आणि तेही मोजूनच कळते. ही मोजमापे कोण्या मठात झालेली नाहीत. दोन्ही ध्रुवांजवळच्या समुद्राच्या पाण्यात आणि त्यावरच्या हवेत क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांसारखी हॅलोजन मूलद्रव्ये बाळगणाऱ्या सेंद्रिय संयुगांचे प्रमाण ऋतूगणिक कसे चढते-उतरते, याची ती मोजमापे आहेत. कर्माच्या प्रश्नाशी त्यांचा काय संबंध, हेच इथे दाखवायचे आहे.

हा प्रश्न नागपुरातून विचारण्याला अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात कर्मावरचे विवेचन सुरू होते ते निसर्गातल्या व्यवस्थेपासून. जगात ऋतूंची एक व्यवस्था आहे, तो ऋतुनियम. बीजाप्रमाणे झाड येते, तो बीजनियम. मग माणसांच्या नैतिक जगातही अशी काही व्यवस्था आहे का, आणि असल्यास ती कोण चालवतो, असा तो प्रश्न. ईश्वर चालवतो हे उत्तर बाबासाहेब नाकारतात. ती व्यवस्था माणसाच्या कुशल-अकुशल कर्मांनी टिकते किंवा ढासळते, हा कर्मनियम, असे ते बुद्धाच्या आधाराने सांगतात. आणि माणसाचे आजचे दारिद्र्य व हीनपण त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे, ही समजूत ते ठामपणे फेटाळतात, कारण तिच्यामुळे समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात. दीक्षाभूमीपासून काही किलोमीटरांच्या आत नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संस्था म्हणून ती सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि निसर्गात वर्षानुवर्षे न विघटणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराचे एक प्रादेशिक केंद्र म्हणून ती काम करते. एका जागी कर्माचा अर्थ नव्याने मांडणाऱ्याची स्मृती आहे, दुसऱ्या जागी कर्माचा भौतिक माग काढण्याचे काम चालते. दोन्ही जागी विचारले जाते ते एकच: केलेल्याचे पुढे काय होते, आणि ते कोणाचे होते?

उत्तर आपल्याच काळ्या मातीपासून शोधू. एकेकाळी देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कपाशीवर पडत असत, आणि कपाशीखालचे क्षेत्र मात्र एकूण लागवडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास होते. त्या काळातले सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध म्हणजे बीएचसीची भुकटी. सकाळी वारा पडलेला असताना पिकावर तिची धुरळणी होई. रसायनशास्त्राच्या भाषेत ही भुकटी म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, आणि तिच्यात एकाच रेणूची अनेक रूपे मिसळलेली असत. त्यांपैकी कीड मारणारे रूप एकच, गॅमा. ते जेमतेम १० ते १५ टक्के. साठ-सत्तर टक्के भाग अल्फा रूपाचा, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने निव्वळ भरताड. हे भरताड उन्हाने तापलेल्या मातीतून आणि पानांवरून हळूहळू हवेत चढले, वाऱ्याबरोबर गेले, थंड प्रदेशात खाली उतरले, पुन्हा ऊन लागले तसे पुन्हा उडाले, आणि असे टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकत गेले. थंड पाण्यात असा वायू जास्त विरघळतो, म्हणून प्रवासाचा शेवट आर्क्टिक समुद्रात झाला. १९४०च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत जगभर मिळून या भुकटीचा वापर सुमारे एक कोटी टन झाला असा अंदाज आहे. चीनने १९८३ मध्ये ती थांबवली, भारताने १९९७ मध्ये. ज्या भागाने शेतात काहीच काम केले नाही तोच सर्वांत लांब पोचला, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. कर्त्याच्या मनात जे फळ होते ते शेतातच संपले. मनात नव्हते ते जगभर फिरले.

आणि ते संपले नाही. वापर कमी झाला तशी आर्क्टिकवरच्या हवेतली अल्फा रूपाची मात्रा उतरू लागली. हवेत ते कमी आणि पाण्यात साठलेले जास्त, अशी स्थिती येताच देवघेवीची दिशाच उलटली. वर्षानुवर्षे हवेतून समुद्रात जाणारे रसायन आता समुद्रातून हवेत यायला लागले. बेरिंग आणि चुकची या समुद्रांवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हा पालट नोंदवला. यालाही ऋतू आहे. हिवाळ्यात बर्फाचे झाकण पाण्यावर घट्ट बसते आणि साठा आत कोंडून राहतो. उन्हाळ्यात बर्फ फुटले, पाणी उघडे पडले की साठा वर येतो. म्हणजे कोणी धुरळणी करत नसतानाही, दरवर्षी ठरावीक दिवसांत, जुनी धुरळणी हवेत नव्याने होते. दक्षिणेकडे हीच गोष्ट डीडीटी या दुसऱ्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकाने केली. अंटार्क्टिकात कधीही डीडीटीचा फवारा मारण्याजोगे शेत किंवा गाव नव्हते, तरी १९६० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या अ‍ॅडेली पेंग्विनांच्या शरीरात ते सापडले. पुढे जगातल्या बहुतेक देशांनी शेतीत डीडीटी बंद केले, आणि उत्तरेतल्या प्राण्यांच्या शरीरातले प्रमाण घटत गेले. पेंग्विनांचे मात्र तसे घटले नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे संभाव्य कारण दाखवले: दशकांपूर्वी बर्फाबरोबर हिमनद्यांत गाडले गेलेले डीडीटी, हिमनद्या वितळतात तसे, दर उन्हाळ्याच्या वितळपाण्यातून समुद्रात उतरते आहे. साठलेल्या कर्माला आपल्या परंपरेत संचित म्हणतात आणि भोगाला लागलेल्या भागाला प्रारब्ध. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांच्यापुढे हिमनदी नव्हती, पण करणे आणि भोगणे यांच्यामध्ये एक दीर्घ, निःशब्द साठवण असते, ही त्यांची पकड अचूक होती.

याहूनही अचूक उदाहरण अंटार्क्टिकावरच्या ओझोनचे आहे, आणि ते जरा निगुतीने पाहायला हवे. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फवाऱ्याच्या डब्या यांतून सुटलेले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खालच्या हवेत कशाशीच अभिक्रिया करत नाहीत. त्यांची निरुपद्रवी म्हणून कीर्ती होती ती यामुळेच. ते तसेच वर स्थितांबरात जातात, अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतला क्लोरीन मोकळा होतो. बराचसा क्लोरीन तिथेही लगेच इतर संयुगांत बांधला जातो आणि निष्क्रिय पडून राहतो. मग दक्षिण ध्रुवावर कित्येक महिन्यांची रात्र येते. पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७८ अंशांच्या खाली जाते आणि विशिष्ट प्रकारचे ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर, पूर्ण अंधारात, बांधलेला क्लोरीन सुटा होऊन जमत राहतो. या काळात ओझोनला फारसा धक्का लागत नाही. वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसेल. सप्टेंबरात सूर्य परततो आणि काही आठवड्यांत ओझोन विरत जातो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे छिद्र सर्वांत मोठे असते, आणि पुढे वरची हवा तापली की मिटत जाते. १९५६ मध्ये उभ्या राहिलेल्या हॅली बे या ब्रिटिश तळावरच्या नोंदींतून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये हे जगापुढे आणले. घातक ठरला तो सूर्यप्रकाश. पण तयारी अंधारात झालेली होती, आणि त्या तयारीचा कच्चा माल दशकांपूर्वी, दुसऱ्या गोलार्धात, कोणा घराच्या स्वयंपाकघरातून सुटला होता. हे वायू बहुतांश उत्तर गोलार्धातल्या देशांनी सोडले. छिद्र दक्षिणेला पडले.

इथे दुसऱ्या दाव्याची कसोटी लागते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट मातांच्या दुधात पीसीबी या क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनांचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधल्या मातांपेक्षा कित्येक पट जास्त आढळले. कारखाने दक्षिणेत होते, इनुइटांकडे नव्हते. त्यांनी फक्त पूर्वापार खाल्ले तेच खाल्ले: सील, व्हेल, मासे, आणि चरबीत विरघळणारी ही संयुगे अन्नसाखळीत वर वर जाताना साठत जातात. या मातेने काय केले होते? पेंग्विनाने काय केले होते? दुसऱ्या दाव्याचा समर्थक इथे एकच वाट धरू शकतो: त्यांनी या नाही तर मागच्या जन्मी काही केले असेल. हे उत्तर कधीच खोटे पाडता येत नाही, आणि त्याचा दोष नेमका तोच आहे. ते प्रत्येक पीडिताला गुन्हेगार ठरवते आणि प्रत्येक कर्त्याला केवळ निमित्त. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या संदर्भात हेच ओळखले होते. दुःखाचे स्पष्टीकरण पीडिताच्या अदृश्य भूतकाळात सापडले की दृश्य वर्तमानातल्या हातांकडे कोणी पाहत नाही. ध्रुवावरची मोजमापे या बाबतीत निर्णायक आहेत, कारण इथे कारणाची साखळी कड्या-कड्यांनी हाती लागते: कोणता रेणू, कोणत्या कामासाठी बनला, कोणत्या काळात सुटला. पूर्वजन्माला या साखळीत कुठे जागाच उरत नाही. आणि फार लांब जायची गरज नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या हातात पंप होता, म्हणून ‘कर्त्याला फळ मिळाले’ असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तिथला खरा कर्ता म्हणजे औषध बनवणारा, विकणारा, मिसळण्याचा सल्ला देणारा, परवानगी देणारा, मजुरी ठरवणारा असा लांबलचक समूह, आणि फळ पडले ते त्यातल्या सर्वांत शेवटच्या माणसाच्या पदरात.

एक आक्षेप इथे निसर्गाचेच नाव घेऊन येतो. हॅलोजनयुक्त सेंद्रिय संयुगे माणसाने शोधून काढलेली नाहीत. समुद्र ती कोट्यवधी वर्षे बनवतो आहे. आक्षेप खरा आहे. समुद्रशेवाळ, सूक्ष्म वनस्पतिप्लवक आणि समुद्रबर्फाच्या तळाशी वाढणारी शैवाले ब्रोमोफॉर्म, डायब्रोमोमिथेन, मिथाइल आयोडाइड अशी संयुगे घडवतात. ध्रुवीय समुद्रात वसंत आला, उजेड वाढला, प्लवकांना बहर आला की पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते आणि काही भाग हवेत सुटतो. हवेत ती काही दिवसांत ते काही महिन्यांत फुटतात, कारण त्यांना तोडायला सूर्यप्रकाश असतो. आर्क्टिकच्या हिवाळी रात्रीत तो नसतो, म्हणून तेव्हा ती हवेत साठतात. उत्तर ध्रुवापासून आठशेच किलोमीटरांवर असलेल्या कॅनडाच्या अलर्ट तळावर तर असे दिसले की ध्रुवीय पहाट उजाडली की मार्च-एप्रिलमध्ये जमिनीलगतचा ओझोन कधी कधी जवळजवळ शून्यावर येतो. त्यामागे ब्रोमीन आहे, आणि त्याचा मोठा वाटा बर्फावरच्या समुद्री मिठातून येतो. म्हणजे ओझोन नष्ट करणारी निसर्गाची स्वतःची व्यवस्थाही आहे. मग माणसाने केले तर पाप कसले? याचे उत्तर ‘नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ अशा सोप्या विभागणीत नाही. ती विभागणी भोळी आहे. रेणूला पाप-पुण्य नसते. फरक पाहायचा तो काळाच्या मापात. ब्रोमोफॉर्म ज्या वसंतात जन्मते त्याच्या पुढच्या काही आठवड्यांत मोडते. त्याचा जन्म आणि त्याचा शेवट दोन्ही ऋतुचक्राच्या आत बसतात, आणि त्या समुद्रातले जीव या चक्रासहच घडले आहेत. सीएफसी-११ हवेत पन्नासेक वर्षे टिकतो, सीएफसी-१२ शंभरेक. त्याच्या निर्मितीला ऋतू नाही, त्याच्या विघटनाला माणसाच्या आयुष्यात मावेल असा काळ नाही. ऋतू असतो तो फक्त त्याच्या घावाला. निसर्ग जे करतो ते करण्याचा परवाना आपल्याला आपोआप मिळत नाही याचे दुसरे कारण अधिक साधे आहे. शैवालापुढे पर्याय नसतो. आपल्यापुढे होता. नीती पर्याय असतो तिथेच सुरू होते, आणि कर्म हा शब्दही खऱ्या अर्थाने तिथेच लागू होतो.

पर्याय म्हटले की हेतू आला, आणि इथे बौद्ध परंपरेतूनच एक कठीण आक्षेप उभा राहतो. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले. मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात हाच वाद आहे: निर्ग्रंथांच्या, म्हणजे जैनांच्या, मते पापकर्मात कायेचा दंड सर्वांत भारी, बुद्धाच्या मते मनाचे कर्म सर्वांत भारी. हे मानले तर धुरळणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात कीड घालवण्यापलीकडे काही नव्हते, आणि शीतकपाट घेणाऱ्याच्या मनात दूध नासू नये यापलीकडे. कोणीच पेंग्विनाचे वाईट चिंतले नाही. मग कर्म घडलेच कुठे? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. न कळत केलेल्या गोष्टीचा दोष शेतकऱ्यावर लादणे अन्याय्य ठरेल, आणि बुद्धाचा हेतूवरचा भर त्या अन्यायापासून आपल्याला वाचवतो. पण चेतना म्हणजे मनातली सदिच्छा एवढाच अर्थ घेतला तर तो फार उथळ होईल. एखादी गोष्ट कळल्यावरही ती तशीच चालू ठेवणे हीसुद्धा चेतना आहे. म्हणून या प्रकरणात तारखांना नैतिक वजन येते. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांचे कीटकनाशकांच्या धोक्यांविषयीचे पुस्तक आले. १९६६ मध्ये पेंग्विनांतल्या डीडीटीची नोंद छापली गेली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी सीएफसीमुळे ओझोन घटेल असे सांगितले. त्या-त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे कर्म बाह्यतः सारखेच असले तरी नीतीच्या दृष्टीने ते दोन वेगळी कर्मे आहेत. गीतेचा आधार घेऊन जे म्हणतात की फळाची चिंता करणे आपले काम नव्हे, त्यांनाही हेच उत्तर. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे परिणामाकडे पाठ फिरवणे नव्हे. त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात पुढचा परिणाम, होणारी हानी आणि हिंसा न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. टिळकांनी गीतारहस्यात कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले हे खरे; पण ती बुद्धी लोकसंग्रहाकडे पाहणारी हवी, हेही त्यांनीच सांगितले. लोकसंग्रहाच्या कक्षेत इनुइट माता येत नसेल तर तो शब्द आपल्यापुरता आखडून घेतला असे होईल.

डीडीटीच्या बाजूने एक म्हणणे असे आहे, जे टाळता येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठेक लाख मरत, असा अंदाज दिला जातो. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. गडचिरोलीच्या जंगलातल्या वस्तीला पेंग्विनाच्या चरबीचा हिशेब ऐकवून तो फवारा थांबवणे हे क्रौर्य झाले असते. मला हे पूर्णपणे मान्य आहे, आणि स्टॉकहोम करारालाही ते मान्य आहे: रोगवाहक डासांविरुद्ध, दुसरा परवडणारा उपाय नसेल तिथे, डीडीटीची मुभा त्याने ठेवली. भारताने १९८९ मध्ये शेतीतला वापर बंद केला आणि आरोग्यापुरता तो चालू ठेवला. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन होत राहिले. पण या उदाहरणाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट स्पष्ट होतो. वाचलेले जीव हे पुण्य आहे आणि वितळपाण्यातून उतरणारे डीडीटी हे त्याच कर्माचे दुसरे फळ आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही. पुण्याची वजाबाकी करून शिल्लक काढण्याची आपल्याला सवय आहे, ती इथे सोडावी लागते, कारण लाभ एका ठिकाणी आणि भार दुसऱ्या ठिकाणी आहे. गडचिरोलीच्या मुलाने घेतलेला श्वास पेंग्विनाच्या खात्यात जमा होत नाही. भिंतीवरच्या फवाऱ्याला जे समर्थन आहे ते कपाशीवरच्या बेहिशेबी धुरळणीला नाही, हा भेद करता येणे एवढेच नीतीचे काम असते, आणि ते काम थोडे नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाचा असेल. तो म्हणेल, तुम्ही दोन नियमांची सरमिसळ करता आहात. बर्फाखाली साठणारे रसायन हा ऋतुनियमाचा विषय आहे. कर्मनियम हा नैतिक आहे. वायूच्या विद्राव्यतेवरून न्यायाविषयी काही सिद्ध होत नाही. यावर माझे उत्तर असे की मी रेणूंकडून न्याय मागत नाही. रेणू न्याय करत नाहीत, एवढेच दाखवतो आहे, आणि जुन्या कर्मविचाराला नेमके हेच मान्य नव्हते. त्याची श्रद्धा अशी होती की विश्वाच्या रचनेतच एक निवाडा बसवलेला आहे, जो प्रत्येक फळ न चुकता योग्य दारी पोचवतो. माणसाने मध्ये पडायची गरज नाही. ध्रुवाचे ऋतू सांगतात की पोचवण्याची व्यवस्था आहे आणि ती अथक आहे, पण तिला दार ओळखता येत नाही. तापमान, वारा आणि चरबी जिकडे नेतील तिकडे ती नेते. तेव्हा नैतिक व्यवस्था हवी असेल तर ती ऋतुनियमाच्या वर, माणसांनी माणसांसाठी उभी करायला हवी. ती ईश्वराने नाही तर माणसाच्या कर्मांनी टिकते, या बाबासाहेबांच्या मांडणीचा अर्थ मला असाच दिसतो. आणि हे नुसते बोलणे राहिलेले नाही. ओझोन विरवणारे वायू बंद करण्यासाठीचा १९८७ चा माँट्रिअल करार ही अशीच उभी केलेली व्यवस्था आहे. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत भारत आणि चीन यांनी आग्रह धरला की ज्यांनी हे वायू सर्वाधिक वापरले त्यांनी गरीब देशांच्या बदलाचा खर्च उचलावा, आणि त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला. भारत १९९२ मध्ये करारात आला आणि २००८ मध्ये, दम्याच्या औषधांसारखे अपवाद सोडता, त्याने सीएफसीचे उत्पादन थांबवले. कर्त्याने भरावे, ही जुन्या सिद्धान्ताची मागणी निसर्गाने कधीच पुरी केली नव्हती. ती काही अंशी पुरी झाली ती वाटाघाटीच्या टेबलावर. ‘माझ्या भुकटीच्या एका पोत्याने काय होणार’ असे जो तो विचारतो, त्या प्रश्नालाही तिथेच उत्तर मिळाले. एकट्या पोत्याने खरोखरच काही होत नाही. म्हणून निर्णयही एकट्याने घेऊन भागत नाही, तो सर्वांना मिळून घ्यावा लागतो. आणि पाळत ठेवावी लागते. बंदी असलेल्या सीएफसी-११ चे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटत नाही हे २०१८ मध्ये हवेच्या मोजमापांवरूनच कळले, पुढच्या वर्षी त्यातला मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे दिसले, आणि त्यानंतर तो पुष्कळच कमी झाला. चित्रगुप्ताची वही कोणी आपोआप लिहीत नाही. ती लिहिणारी माणसे लागतात, आणि त्यांना पगार, उपकरणे आणि निर्भयता द्यावी लागते.

हे सारे नीट झाले तरी अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपासचे साल उजाडेल, असे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात म्हटले आहे. म्हणजे अजून चाळीसेक वर्षे दर सप्टेंबरात, करार करणाऱ्यांपैकी बहुतेक जण गेल्यावरही, जुना क्लोरीन उजेडात जागा होत राहील. आणि जो उपाय केला त्यालाही फळ आहे. सीएफसीच्या जागी आलेले काही वायू हवेत मोडतात तेव्हा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. ते पावसाबरोबर आणि बर्फाबरोबर खाली येते, निसर्गात त्याचे विघटन जवळजवळ होतच नाही, आणि कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या बर्फाच्या गाभ्यांत गेल्या काही दशकांत त्याचे प्रमाण चढत गेलेले दिसते. आजच्या मात्रेला त्याचा अपाय मोठा नाही, असे बरेच शास्त्रज्ञ मानतात. ओझोन वाचवण्याचा निर्णय यामुळे चुकीचा ठरत नाही. पण या वेळी एक गोष्ट बदललेली आहे. बीएचसीची भुकटी उधळणाऱ्याला आर्क्टिक ठाऊक नव्हते. या आम्लाचा साठा मात्र आपल्या डोळ्यांदेखत, नोंदी ठेवत ठेवत वाढतो आहे. त्याचे प्रमाण पुढे कुठवर जाऊ द्यायचे हे ठरवताना ‘हेतू नव्हता’ हे उत्तर कोणालाच देता येणार नाही: वातानुकूलन यंत्र बनवणाऱ्याला नाही, त्याला परवानगी देणाऱ्या सरकारला नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर ते यंत्र लावणाऱ्या नागपूरकरालाही नाही.